परंज्योती अकादमी कोरस आणि कूमी वाडिया : वृंदसंचालनाची एक परंपरा

महाराष्ट्रात समूहाने गाण्याची परंपरा जुनी आहे. तथापि वारीतील दिंडी असो वा गावोगावचे भजनी मंडळ, तेथे मुख्य गायक चरण उचलतो आणि टाळकरी तोच चरण त्याच चालीत पुन्हा म्हणतात, त्यामुळे गळे अनेक असले तरी स्वररेषा एकच राहते. युरोपातील चर्चसंगीतातून विकसित झालेल्या ‘कॉयर’ या प्रकारात याउलट एकाच वेळी निरनिराळ्या स्वररेषा गायल्या जातात. स्त्रियांचा उंच आवाज सोप्रानो, त्याखालचा आल्टो, पुरुषांचा उंच आवाज टेनर आणि खर्जाकडे झुकणारा बास, असे हे चार विभाग असतात आणि त्यांच्या एकत्र गाण्यातून उमटणाऱ्या स्वरसंगतीला हार्मनी म्हणतात.

ही गानपद्धती मुंबईत रुजविणाऱ्या संस्थांमध्ये परंज्योती अकादमी कोरसचे स्थान महत्त्वाचे आहे. आकाशवाणीच्या मुंबई केंद्राशी निगडित असलेले संगीतकार व्हिक्टर परंज्योती यांनी १९५६ मध्ये या हौशी गायकांच्या वृंदाची स्थापना केली आणि १९६७ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर संचालनाची धुरा कूमी वाडिया यांच्याकडे आली. देशातील पहिली महिला वृंदसंचालक असा ज्यांचा उल्लेख केला जातो, त्या वाडिया यांनी पुढील अनेक दशके हा वृंद घडविला, परदेशांतील व्यासपीठांवर नेला आणि या कार्यासाठी २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

वृंदसंचालक, म्हणजेच कंडक्टर, कार्यक्रमात स्वतः गात नाही. एका हाताने तो लय दाखवतो, तर दुसऱ्या हाताने आवाजाची तीव्रता आणि प्रत्येक विभागाने गाण्यात प्रवेश करण्याचा क्षण सुचवतो. श्रोत्यांना दिसणाऱ्या या हालचालींमागचे खरे काम मात्र तालमीत झालेले असते. एकच स्वरवर्ण सर्वांनी सारख्याच मुखाकृतीने उच्चारला नाही, तर स्वर जुळूनही नाद फुटलेला वाटतो. दीर्घ स्वर अखंड राहावा यासाठी गायकांना आळीपाळीने श्वास घ्यावा लागतो. आणि वाद्यांच्या साथीविना गाण्याच्या, म्हणजे ए कॅपेला, पद्धतीत मूळ स्वर नकळत उतरत जातो, तो सावरण्यासाठी प्रत्येकाचे लक्ष स्वतःच्या गळ्याइतकेच शेजाऱ्याच्या स्वराकडे असावे लागते. उपजीविकेसाठी अन्य व्यवसाय करणाऱ्या हौशी गायकांमध्ये ही शिस्त वर्षानुवर्षे टिकविणे, हेच संचालकाचे खरे कर्तृत्व होय.

या परंपरेपुढील गहन प्रश्न भारतीय संगीताचा आहे. रागात वर्ज्य असलेला स्वर केवळ स्वरसंगतीच्या सोयीसाठी घेतला, तर रागाचे रूप बिघडते आणि चार विभाग एकाच वेळी हलत राहिले, तर मींडेसारखा सूक्ष्म अलंकार झाकोळतो. त्यामुळे आधारस्वर स्थिर ठेवणे, लहान स्वरवाक्ये आवर्तित करणे आणि लयीचा खेळ खुलविणे हे मार्ग रचनाकाराला विशेष उपयोगी पडतात. परंज्योती यांची ‘द्राविडियन डिथिरँब’ ही रचना परदेशांतील वृंदांनीही गायली, यावरून भारतीय स्वभावाचे संगीत या माध्यमात सामावू शकते, हे सिद्ध होते.

मुंबईबाहेर, गोव्यात चर्चच्या शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या स्वरलेखन शिकवल्यामुळे या कलेला पाया लाभला आणि पुढे गोवा विद्यापीठातही, संगीतकार अँथनी गोन्साल्विस यांच्या नावाच्या अध्यासनाच्या आधारे, सांतियागो लुसार्दी गिरेली या अर्जेंटिनी संचालकाच्या मार्गदर्शनाखाली विद्यापीठाचा वृंद उभा राहिला.

महाराष्ट्रातील ग्रामीण भागाला मात्र या शिक्षणाचा स्पर्श फारसा झालेला नाही. नाशिक जिल्ह्यातील पेठसारख्या तालुक्यात कोकणा, महादेव कोळी आणि वारली समाजांमध्ये सामूहिक गायन आजही जिवंत आहे, तेथील आश्रमशाळांत मुले एकत्र राहतात आणि या विद्येला महागड्या वाद्यांची गरज नाही. प्रशिक्षित शिक्षक आणि नियमित तालीम एवढेच त्यासाठी हवे. विद्यापीठांच्या संगीत विभागांनी वृंदसंचालनाचा अभ्यासक्रम सुरू करून असे शिक्षक घडवावेत आणि त्यांना या शाळांपर्यंत पोहोचवावे, हे या परंपरेच्या पुढील वाटचालीसाठी अत्यावश्यक आहे.