तीनशेच्या वेगाची गाडी आणि मुंबईचा रस्ता

एक सोपं गणित सोडवा पाहू. पुणे ते मुंबई अंतर धरा दीडशे किलोमीटर. गाडीचा वेग ताशी तीनशे किलोमीटर. मग मुंबईला पोहोचायला किती वेळ लागेल?

अर्धा तास! माझ्या सातवीतल्या भाच्यानंही हेच उत्तर दिलं होतं. उत्तर गणिताच्या वहीत बरोबर आहे. रस्त्यावर ते किती चुकलं, त्याचीच ही गोष्ट.

झालं असं, की माझ्या ताईच्या शेजारी राहणाऱ्या काकांकडे एक पोर्शे ९११ गाडी आली. पोर्शे म्हणजे जर्मनीची प्रसिद्ध स्पोर्ट्‌स कार. १९६३ साली ती फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात पहिल्यांदा दिसली, तेव्हा तिचं नाव ९०१ होतं. पण मधे शून्य असलेले तीन आकडी नंबर आमचे आहेत, अशी तक्रार फ्रान्सच्या प्यूजो कंपनीनं केली आणि ९०१ ची ९११ झाली. ताशी २९० किलोमीटरच्या आसपास पळू शकते ही गाडी. भाचा रोज शाळेतून आला, की दप्तर टाकायच्या आधी कुंपणावरून तिच्याकडे बघून यायचा.

एक दिवस काका म्हणाले, "डिसेंबरात एका रविवारी मुंबईला जाऊ. मरीन ड्राइव्हपर्यंत. तुम्ही दोघं भावंडं चला माझ्याबरोबर. पण एक अट आहे. प्रवासाचा आराखडा तुम्ही करायचा, एका फुलस्केप कागदावर. कागद मला पटला, तर गाडी निघेल. नाही पटला, तर आपली डेक्कन क्वीन आहेच!"

भाच्यानं पाच मिनिटांत कागद लिहून दिला. सहाला निघायचं, साडेसहाला मरीन ड्राइव्ह. काकांनी तो वाचला आणि शांतपणे परत केला. "आधी सोसायटीच्या गेटबाहेर निघून दाखव," एवढंच म्हणाले.

आता गेटबाहेर निघण्यात काय अवघड आहे, असं तुम्हाला वाटेल. त्यालाही वाटलं. त्याची बहीण नववीत आहे. ती पट्टी घेऊन खाली गेली, गाडीच्या नाकापुढे उकिडवी बसली आणि जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतची उंची मोजली. जेमतेम ११ सेंटीमीटर! तुमच्या कंपासपेटीतली पट्टी १५ सेंटीमीटरची असते, म्हणजे तीही खाली उभी मावणार नाही. मग वॉचमनकाकांना सांगून, गाड्या थांबल्यावर, तिनं गेटजवळचा स्पीडब्रेकर मोजला. टोकाला दोरी आडवी ताणून धरली आणि खाली पट्टी लावली. १४ सेंटीमीटर भरला. नियमाप्रमाणे गोल पाठीचा स्पीडब्रेकर १० सेंटीमीटर उंच आणि तब्बल ३.७ मीटर रुंद असायला हवा, म्हणजे गाडी त्यावरून अलगद चढते आणि उतरते. आपल्याकडच्या कॉलन्यांत मात्र डांबराचा उरलेला ढीग ओतला, की झाला स्पीडब्रेकर.

स्पोर्ट्‌स कार इतकी बुटकी का करतात? वेगात वळताना गाडी बाहेरच्या बाजूला कलंडायला बघते. तिचं वजन जितकं जमिनीलगत, तितकी ती घट्ट बसते. शिवाय वेगात गाडीखाली हवा घुसली, तर ती गाडीला उचलू पाहते. म्हणून पोट जमिनीला चिकटवलेलं. जे ताशी २०० ला उपयोगी, तेच ताशी ५ ला नडतं!

काकांच्या गाडीत एक बटण आहे. ते दाबलं, की नाक सुमारे ४ सेंटीमीटर वर उचललं जातं. पण नाक पार झालं तरी मधलं पोट टेकायचंच. म्हणून भाचीनं कागदावर पहिली ओळ लिहिली: 'मागच्या गेटनं निघायचं. तिथे ब्रेकर नाही.' आणि दुसरी: 'वाटेतला प्रत्येक ब्रेकर तिरका ओलांडायचा, एका वेळी एकच चाक.' काकांनी ते वाचून पहिल्यांदाच मान डोलावली.

मग सामान. भाच्यानं डिकी उघडायला मागे धाव घेतली, तर मागे इंजिन! या गाडीचं इंजिन मागे असतं आणि सामान पुढे, बॉनेटखाली. जागा १३० लिटरच्या आसपास, म्हणजे चार-पाच दप्तरं कोंबता येतील इतकी. स्टेपनी कुठे आहे म्हणून शोधायला गेला, तर स्टेपनीच नाही. पंक्चर झालं तर टायरमध्ये चिकट द्रव भरायचा आणि छोट्या पंपानं हवा मारायची. बारीक भोक त्यानं बुजतं. पण खड्ड्याच्या धारेवर टायर फाटला तर? मग गाडी उचलून नेणाऱ्या ट्रकचा नंबर हवा. कागदावर तिसरी ओळ आली.

बसायचं कसं, यावर घरात खरं भांडण झालं. पुढे एकच सीट, मागच्या दोन सीट अगदी चिमुकल्या. उंच भाची मागे मावेना, म्हणून ती पुढे आणि भाचा मागे. त्याचं तोंड एवढंसं झालं. पण बेल्ट मागेही लावावाच लागतो, बरं का! २०१९ च्या कायद्याप्रमाणे चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा त्याच्या मापाची सीट नसेल, तर हजार रुपये दंड आहे. आजीलाही या गाडीतून यायचं होतं. त्या दार उघडून बसल्यासुद्धा. पण उठता येईना! सीट इतकी खाली, की आम्ही दोघांनी हात धरून त्यांना बाहेर काढलं. "ही गाडी आहे का पाट?" असं म्हणून त्या घरात गेल्या. तेव्हा ठरलं, की भाऊजींची वॅगनआर मागोमाग न्यायची. तीत भाऊजी, ताई, आजी, मी आणि खाऊचे डबे.

आता वेळेचं गणित. इथे भाच्यानं पेन्सिल पुन्हा हातात घेतली आणि या वेळी तुकडे पाडले. तुम्हीही पाडा.

पुण्यातून बाहेर किवळ्यापर्यंत २० किलोमीटर. सिग्नल, चौक धरून भाऊजींचा अंदाज ताशी २५. झाली ४८ मिनिटं. मग एक्स्प्रेस वे, २००२ साली पूर्ण झालेला, ९५ किलोमीटरचा. त्यातला सपाटीचा भाग धरा ७८ किलोमीटर. मोटारींना मर्यादा ताशी १००, म्हणजे ४७ मिनिटं. घाट १७ किलोमीटर. तिथे मोटारींची मर्यादा २०२४ साली ताशी ६० करण्यात आली. म्हणजे १७ मिनिटं. कळंबोलीपासून पुढे मुंबई, सुमारे ३७ किलोमीटर, सरासरी ताशी ३०. झाली ७४ मिनिटं. बेरीज १८६ मिनिटं. चहाला वीस मिनिटं धरली, तर जवळजवळ साडेतीन तास!

डेक्कन क्वीन १९३० पासून धावते आणि तिचा लोहमार्ग १९२ किलोमीटरचा आहे. तरी ती सव्वातीन तासांच्या आसपास मुंबई गाठते. भाचा हे ऐकून हिरमुसला. मग हळूच म्हणाला, "मामा, सपाटीवर रस्ता मोकळाच असतो. शंभरऐवजी एकशेचाळीसनं गेलो तर?"

आता हा प्रश्न मोठी माणसंसुद्धा विचारतात, आणि उत्तर न काढताच गाडी पळवतात. आम्ही उत्तर काढलं. ७८ किलोमीटर १४० नं गेलं, तर ३४ मिनिटं लागतात. वाचली १३ मिनिटं. आता दुसरी बाजू बघा. समोर काहीतरी आडवं आलं. डोळ्यांनी पाहून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद जातो. १०० च्या वेगात त्या एका सेकंदात गाडी २८ मीटर पुढे गेलेली असते. मग उत्तम ब्रेक, कोरडा रस्ता असं सगळं धरूनही थांबायला आणखी ३९ मीटर लागतात. एकूण ६७ मीटर, क्रिकेटच्या तीन खेळपट्ट्या आणि वर थोडं.

१४० ला? पहिल्या सेकंदातच ३९ मीटर गेले. पुढे ब्रेक लागून थांबायला ७६. एकूण ११५ मीटर. पण खरी गोष्ट याच्याही पुढे आहे. ताशी १०० ची गाडी ज्या जागी पूर्ण थांबली, त्याच जागी ताशी १४० च्या गाडीचा वेग किती असेल सांगा. भाचा म्हणाला, चाळीस. वजाबाकी केली ना त्यानं! गणित करून पाहिलं, तर उत्तर आलं ११०. होय, ताशी ११० किलोमीटर. वेग दुप्पट झाला, की थांबवायची शक्ती चौपट लागते. इथे वजाबाकी चालत नाही. म्हणजे पहिली गाडी समोरच्या ट्रकपासून वीतभर अंतरावर थांबली, तर दुसरी ११० च्या वेगानं त्यावर आदळली.

भाचा बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग त्यानं १४० खोडलं. शिवाय आता एक्स्प्रेस वेवर कॅमेरे आहेत. एका कॅमेऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत किती वेळात आलात, त्यावरून तुमचा सरासरी वेग काढतात. पण त्यानं दंडासाठी खोडलं नाही, हे मी शपथेवर सांगतो.

ट्रकची आणखी एक गंमत, खरं तर गंमत नाही. पोर्शेची उंची १.३ मीटर. मोठ्या ट्रकचं नुसतं चाकच मीटरभर असतं. उंच केबिनमध्ये बसलेल्या ड्रायव्हरला आपल्या दारालगतची ही गाडी दिसतच नाही. म्हणून भाचीनं लिहिलं, 'ट्रकच्या बाजूला रेंगाळायचं नाही. एकतर मागे, नाहीतर पुढे.' वॅगनआरची उंची १.६७ मीटर, ती तरी थोडी नजरेत भरते.

पेट्रोलचंही बघावं लागलं. अशा इंजिनात पेट्रोलची वाफ फार दाबली जाते. हलकं पेट्रोल ठिणगीच्या आधीच पेटतं आणि इंजिन खडखडतं. ऑक्टेनचा आकडा जितका मोठा, तितकं ते दाब सहन करतं. १०० ऑक्टेनचं पेट्रोल २०२० पासून पुण्या-मुंबईच्या काही पंपांवर मिळू लागलं. सगळ्या नाही, काहीच. तेव्हा आदल्या दिवशी टाकी भरून ठेवायची.

राहिली मुंबई. माझ्या लहानपणी आम्ही जुन्या रस्त्यानं प्रीमियर पद्मिनीतून जायचो. बोरघाट चढता चढता तिचं पाणी उकळायचं. शिंगरोबाच्या देवळापाशी थांबायचं, नाणं वाहायचं, बॉनेट उघडून गाडीला वारा घालायचा. आताच्या गाड्यांना घाट जड जात नाही. पण मुंबईची गर्दी जाते. पेट्रोलमधली निम्म्याहून जास्त शक्ती चाकांना मिळतच नाही, तिची उष्णता होते. गाडी पळत असली, की वारा ती उष्णता उडवून नेतो. गाडी उभी, की फक्त पंख्याचा भरवसा. क्लचही इंचाइंचानं सरकताना घासून तापतो. त्यामुळे पुढे जरा जागा होऊ द्यायची आणि मग एकदम पुढे जायचं, हे शहाणपण. मात्र मुंबईत जागा सोडली, की तीत एक दुचाकी शिरते आणि तिच्या मागे दुसरी. त्यातल्या कुणाला गाडीचा फोटो काढायचा असतो, तोही चालत्या स्कूटरवरून! त्यावर भाच्याची सूचना: 'काच खाली करायची नाही, हात हलवायचा नाही. आपण हसलो, की ते आणखी जवळ येतात.'

कागद पास झाला. रविवारी पहाटे सहाला दोन्ही गाड्या मागच्या गेटनं निघाल्या. घाटात गार वारा होता. आम्ही पोर्शेच्या मागेच होतो आणि आजी दर पाच मिनिटांनी विचारत होत्या, "पोरं नीट बसलीत ना?" खोपोलीच्या चहापर्यंत दोन्ही गाड्यांत दोन मिनिटांचंही अंतर पडलं नाही. कळंबोली, वाशीचा पूल, मग ईस्टर्न फ्रीवे. तिथे सिग्नल नाहीत, दुचाकी नाहीत. काका खूश दिसत होते.

फ्रीवे उतरल्यावर मात्र एका गल्लीत रस्ता खणलेला होता. चरावर लोखंडी पत्रा टाकलेला, कडा चांगली वर आलेली. भाऊजींनी वॅगनआर धडधडत त्यावरून नेली. आरशात पाहिलं, तर पोर्शे थांबली होती. दार उघडलं, भाची पट्टी घेऊन खाली उतरली, वाकली, आणि काकांना हातानं 'नाही' अशी खूण केली. गाडी मागे वळली.

आम्ही नऊ वाजून दहा मिनिटांनी मरीन ड्राइव्हला पोहोचलो. गाडी लावली, आजी कट्ट्यावर मांडी घालून बसल्या, डबा उघडला. समुद्राला ओहोटी होती. पावणेदहाच्या सुमाराला काका आणि दोन्ही मुलं लांबून चालत येताना दिसली. पार्किंगसाठी तीन चकरा मारल्या होत्या.

भाचा धापा टाकत म्हणाला, "मामा, एकदाही घासली नाही!"

आजींनी त्याच्या हातावर धपाटा ठेवला. "हात धुऊन ये आधी," त्या म्हणाल्या.