नकाशाबाहेरची गावं (भाग ६) : तांड्याची माणसं मोजायची कुठं?

मागच्या भागात आपण गावठाणाची हद्द पाहिली. आज ती ओलांडून माळावर जाऊ.

कंधारहून मुखेडकडे, नाहीतर अहमदपूरहून जळकोटकडे निघालं, की बालाघाटाच्या उतारांवर तांड्यांच्या पाट्या लागतात. आत वळलं की तीस-चाळीस घरं, सेवालाल महाराजांच्या मंदिरावर पांढरा झेंडा, शाळेच्या दोन खोल्या. पूर्वी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहणारी लमाणांची लदेणी या मुलखातून जायची. रेल्वे आली, सडका झाल्या, लदेणी थांबली. तांडे मग चारापाणी बघून माळाच्या, जंगलाच्या कडेला स्थिरावले. म्हणून तांडा बहुधा गावाला चिकटून नसतो, शिवारात लांब असतो.

हा तांडा कुठं आहे, असं सरकारी कागदाला विचारलं तर उत्तरात जवळच्या गावाचं नाव येतं. जनगणनेत खेड्याचं एकक म्हणजे महसुली गाव. संकेतांक त्याला, लोकसंख्याही त्याच्याच नावावर. २०११ च्या जनगणनेत नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या ३३,६१,२९२ आणि लातूरची २४,५४,१९६ होती. तांड्यांवरची माणसं या बेरजांत आहेत, पण एखाद्या तांड्याचा वेगळा आकडा छापील तक्त्यात शोधाल तर तो मूळ गावात मुरलेला असतो. ज्या शिवारात एकही घर उरलेलं नाही, त्या ओसाड गावाला मात्र यादीत स्वतःची ओळ असते आणि लोकसंख्येच्या रकान्यात शून्य. रिकाम्या शिवाराला ओळ आणि नांदत्या तांड्याला नाही, हे मला फार लागतं.

लागतं, कारण पैसा आकड्यामागून येतो. वसंतराव नाईक तांडा-वस्ती सुधार योजनेत रस्ता, पाणी, दिवे यांचा निधी तांड्याच्या लोकसंख्येवर ठरतो. शेजारच्या राज्यांनी हा प्रश्न थोडा पुढं नेला आहे. तेलंगणानं २०१८ च्या पंचायत कायद्यानं पाचशेच्या वर वस्तीच्या तांड्यांना स्वतंत्र ग्रामपंचायती दिल्या. कर्नाटकानं तांड्यांना महसुली गावाचा दर्जा देऊन जानेवारी २०२३ मध्ये बिदर, कलबुर्गी आदी जिल्ह्यांत घरांची हक्कपत्रं वाटली. बिदर म्हणजे उदगीर-देगलूरची वेसच. आपल्याकडं २०२४ मध्ये संत सेवालाल महाराज तांडा समृद्धी योजना आली, तिच्यातही महसुली गाव आणि ग्रामपंचायत हे दोन्ही विषय आहेत.

पण दर्जा मिळाला तरी मोजणीचा एक पेच उरतोच, आणि तो आहे महिन्याचा. २०११ ची शिरगणती ९ ते २८ फेब्रुवारीत झाली. पुढचीही फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे. त्या महिन्यात साखर कारखाने ऐन गाळपात असतात. मुकादमाकडून उचल घेतलेली तांड्यावरची जोडपी दिवाळीच्या आसपासच कोयता घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात गेलेली असतात. नियम असा आहे, की मोजणीच्या पूर्ण काळात जो घरी नव्हता, त्याला तो जिथं राहतोय तिथं मोजायचं. म्हणजे तांड्यावरचं अर्धं घर ऊसफडाच्या कडेला, कोपीत मोजलं जातं. तिथल्या प्रगणकाला ऊसतोड्यांची ती टोळी सापडली नाही, किंवा टोळी दुसऱ्या फडावर हलली, तर ही माणसं कुठल्याच बेरजेत येत नाहीत. हाच तांडा पावसाळ्यात मोजला, तर आकडा वेगळा निघेल.

इकडे तांड्यावर ओळीनं कुलपं. एका दारात म्हातारी याडी (आई) बसलेली. घरात किती, असं विचारलं की ती सवयीनं सगळ्यांची नावं घेते, लेकाचं, सुनेचं, त्यांच्यासोबत गेलेल्या तान्ह्या पोराचंसुद्धा. प्रगणकानं लिहायची नावं दोनच: तिचं, आणि शाळेसाठी मागं ठेवलेल्या नातवाचं.