वारशातली बंदूक

वडिलोपार्जित जमीन वारसाच्या नावावर चढते, तांब्यापितळेची भांडी भावंडांत वाटली जातात. बंदुकीचे तसे नाही. ती घरची असली तरी जवळ बाळगण्याचा अधिकार परवानाधारकाबरोबर संपतो आणि वारसाच्या हाती उरतो तो अर्ज करण्याचा हक्क. आमच्या कोकणातल्या घरी शेतसंरक्षण परवान्यावरची एकनळी ठासणीची बंदूक होती. आजोबांनंतर ती काकांच्या नावावर झाली. काका गेल्यावर मी हे कागद वाचायला घेतले.

या बंधनाचे मूळ १८५७ नंतरच्या निःशस्त्रीकरणात आहे. लिटनच्या कारकिर्दीत १८७८चा शस्त्र कायदा आला. स्वतंत्र भारताने १९५९मध्ये तो बदलला, पण परवान्याची चौकट राहिली. बंदूक बाळगणे बेकायदा ठरताच ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी, असे २१वे कलम सांगते. मुदतीत सोडवली नाही तर ती सरकारजमा होऊ शकते. २०१६च्या नियमांत वारसांना परवाना देण्याची तरतूद आहे; त्यासाठी इतर वारसांची ना-हरकत, प्रशिक्षण आणि पोलीस चौकशी लागते. २०१९च्या दुरुस्तीने माणशी तीनऐवजी दोनच बंदुकांची मर्यादा घातली. वारशाने आलेली बंदूकही त्यात मोजली जाते.

‘इतक्या जुन्या बंदुकीला कसला परवाना?’ असे पुष्कळांना वाटते. पण ४५व्या कलमातली सूट, दुरुस्त करूनही झाडता येणार नाही अशा कालबाह्य हत्यारालाच आहे. नुसता गंज पुरत नाही. शिवाय शंभर वर्षांवरची वस्तू १९७२च्या कायद्याने पुरावशेष ठरू शकते आणि मग ती परदेशातल्या भावाला आठवण म्हणून पाठवता येत नाही.

आमच्या बंदुकीच्या नळीवर मुकुट, एकमेकांना छेदणारे राजदंड आणि ‘बी.पी.सी.’ ही रोमन अक्षरे आहेत. बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचे हे शिक्के १८१३ ते १९०४ या काळातले. आजोबांचा जन्म १९०८चा. म्हणजे ‘आजोबांची बंदूक’ त्यांच्याआधी आणखी कुणाची तरी होती. परवान्यात ज्या शेताच्या राखणीसाठी ती दिली, ते शेत पुढे कुळकायद्यात गेले. आज मी पुण्यात राहतो. रानडुकरांपासून राखावे असे माझ्याकडे काही नाही. शेतसंरक्षणाचे कारण मी अर्जात कसे लिहू?

म्हणून अशा घरांना माझे सांगणे एवढेच. बंदूक जमा करण्याआधी तिचे शिक्के, क्रमांक, दस्त्यावरच्या खुणा यांची छायाचित्रे घ्या. पावतीवर पूर्ण वर्णन लिहून घ्या. जुना परवाना रद्दीत टाकू नका. बारगोळीची मर्यादा, नूतनीकरणाचे शिक्के, शेताचा उल्लेख हे सारे त्यातच सापडते. कायमची निकामी करायची असेल, तर आधी जाणकाराला दाखवा. ते काम उलटे फिरवता येत नाही. बंदूक मिळेल किंवा मिळणार नाही. तिचा इतिहास जपायला मात्र कुठलाही परवाना लागत नाही.