शाळेची वाट आणि प्रवासाची सवय

गेल्या पावसाळ्यात एकोणीस वर्षांचा एक विद्यार्थी पाठदुखीची तक्रार घेऊन माझ्या दवाखान्यात आला. तपासणीत चिंताजनक काही आढळले नाही. दिनक्रम विचारला तेव्हा कळले की महाविद्यालय घरापासून अवघ्या दीड किलोमीटरवर असूनही तो रोज दुचाकीनेच जातो, कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा. ‘‘चालत का जात नाहीस?’’ या प्रश्नावर तो संकोचून म्हणाला, ‘‘डॉक्टर, तसं कधी सुचलंच नाही.’’ त्या उत्तरात आळस नव्हता. बालवाडीपासून बारावीपर्यंत तो रिक्षा, व्हॅन किंवा वडिलांच्या गाडीतूनच शाळेत गेला होता.

त्याला दोष देणे मला जमले नाही, कारण माझ्या घरीही हेच घडले. दवाखान्यात जाता जाता मी मुलीला रोज शाळेच्या फाटकाशी सोडत असे. पुढे ती शिक्षणासाठी मुंबईला गेली, तेव्हा लोकलच्या गर्दीपेक्षा रस्ता ओलांडण्याचेच तिला अधिक भय वाटे. मी तिचा वेळ वाचवला, अशी माझी समजूत होती. वस्तुतः तिच्या वाट्याचा अनुभव मी हिरावून घेतला होता.

मी वाढलो ते पुणे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. पाचवी-सहावीतल्या मुलाने सायकलवरून शाळेत जाणे यात कुणाला नवल वाटत नसे. आज त्याच शहरात शाळा सुटताना फाटकासमोर दुचाकी-मोटारींची कोंडी होते. आपले मूल सुरक्षित राहावे म्हणून आणलेले प्रत्येक वाहन इतरांच्या मुलांसाठी रस्ता अधिक धोकादायक करते, हे आपल्या ध्यानात येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोमदार शारीरिक हालचाल करावी. शाळा एक किलोमीटरवर असेल, तर भरभर चालत जाण्या-येण्यात सुमारे अर्धा तास, म्हणजे यातला निम्मा वाटा, सहज पुरा होतो. शिवाय उघड्यावरच्या उजेडात घालवलेला वेळ लघुदृष्टिदोषाची शक्यता कमी करतो. शिक्षणहक्क कायद्याच्या २०१० च्या केंद्रीय नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी, असे म्हटले आहे. यामागे शाळा मुलाला चालत गाठता यावी, हा विचार आहे. आपण मात्र नामांकित शाळेच्या ओढीने हे अंतर दहा-बारा किलोमीटरवर नेतो आणि मग मुले हालचाल करत नाहीत म्हणून खंतावतो.

पालकांची भीती अनाठायी नाही. पदपथांवर अतिक्रमणे आहेत, वाहने बेदरकार आहेत. म्हणूनच स्वातंत्र्य टप्प्याटप्प्याने द्यावे. नऊ-दहा वर्षांपर्यंत मुलांना येणाऱ्या वाहनाच्या वेगाचा अंदाज नीट येत नाही. तोवर सोबत हवीच, पण ती हात धरून चालण्याची असावी. त्यानंतर ‘‘आज रस्ता तू दाखव’’ असे म्हणून आपण एक पाऊल मागे राहावे. सातवी-आठवीत परिचित मार्गावर बसचा प्रवास किंवा सायकल सोपवावी. शाळा दूर असेल, तर रविवारी वाचनालय, मंडई, आजीचे घर अशा जवळच्या ठिकाणांपासून सुरुवात करता येते.

शाळांनीही सायकलींसाठी सुरक्षित जागा द्यावी, पालकांची वाहने काही अंतरावर थांबवावीत आणि एखादी सहल तरी एसटीने न्यावी. वेळापत्रक वाचणे, रांगेत उभे राहणे, वृद्धांना जागा देणे हेही शिक्षणच आहे.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगतो. ‘क्लास लांब आहे’ म्हणून पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती दुचाकीची किल्ली देऊ नका. अल्पवयीनाने केलेल्या गुन्ह्यासाठी पालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, अशी तरतूद मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झाली. पण दंडापेक्षा मोठी किंमत कोणती, हे अपघातानंतर आमच्याकडे धावत आलेल्या आईवडिलांना विचारावे.

त्या विद्यार्थ्याला मी औषध दिले नाही. काही व्यायाम दाखवले आणि आठवड्यातून तीन दिवस महाविद्यालयात चालत जायला सांगितले. महिन्याने तो आला, तेव्हा पाठ बरीच सुधारली होती. जाताना म्हणाला, ‘‘वाटेत एक जुनी विहीर आहे. इतकी वर्षं तिथून गेलो, पण दिसलीच नव्हती.’’