स्वमग्न बालकाचे संगोपन

स्वमग्नता ही मेंदूच्या विकासाशी संबंधित अशी आजन्म अवस्था होय. इतरांशी होणारी सामाजिक देवाणघेवाण व संप्रेषण यांतील अडचणी, वर्तनातील तोचतोपणा, मोजक्याच विषयांत गुंतलेले मन आणि आवाज, स्पर्श, प्रकाश इ. संवेदनांना मिळणारा अतितीव्र वा अतिमंद प्रतिसाद ही तिची प्रमुख लक्षणे होत. ती बालपणापासून आढळतात. त्यांची तीव्रता मात्र बालकागणिक भिन्न असते. काही बालके मुळीच बोलत नाहीत, तर काही अस्खलित बोलूनही संभाषणाचे संकेत ओळखू शकत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे १२७ व्यक्तींमागे एक व्यक्ती स्वमग्न होती. अशा बालकाचे संप्रेषण वाढविणे, त्याला दैनंदिन कौशल्ये शिकविणे, त्याचे आरोग्य व सुरक्षितता जपणे आणि त्याच्या प्रौढ जीवनाची तजवीज करणे या गोष्टी त्याच्या संगोपनात येतात. तज्ञ आठवड्यातून काही तास बालकासोबत असतो. उरलेला सर्व काळ ते घरच्या माणसांत असते. त्यामुळे या कार्याचा मुख्य भार आणि त्यातील मुख्य संधीही पालकांकडेच येते.

पालकांविषयीचा बदललेला दृष्टिकोन : स्विस मनोविकारतज्ञ ऑइगेन ब्लॉइलर (१८५७–१९३९) यांनी ‘स्वमग्नता’ या अर्थाची संज्ञा प्रथम छिन्नमनस्कतेच्या एका लक्षणासाठी वापरली. बॉल्टिमोर येथील बालमनोविकारतज्ञ लिओ कॅनर (१८९४–१९८१) यांनी १९४३ मध्ये ११ बालकांचे वर्णन करून ती स्वतंत्र अवस्था असल्याचे दाखविले. ही अवस्था उपजत असावी, असे कॅनर यांनी प्रारंभी नमूद केले होते. तथापि १९४९ मधील लेखनात त्यांनी पालकांच्या भावनिक कोरडेपणावर भर दिला. ब्रूनो बेटलहाइम (१९०३–९०) यांनी १९६७ मधील ग्रंथात हाच विचार टोकाला नेला. परिणामतः अनेक वर्षे मातांना आपल्या मुलाच्या स्थितीचे कारण मानण्यात आले आणि उपचार म्हणून काही बालकांना आईवडिलांपासून दूरही ठेवण्यात आले.

या समजाला पहिले प्रभावी उत्तर पालकांकडूनच मिळाले. स्वमग्न मुलाचे वडील असलेले अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड (१९२८–२००६) यांनी १९६४ मध्ये ही अवस्था जैविक असल्याचे प्रतिपादन केले. इंग्लंडमध्ये १९६२ साली पालकांनी राष्ट्रीय संस्था स्थापन केली. तीत स्वमग्न मुलीची आई असलेल्या मनोविकारतज्ञ लोर्ना विंग (१९२८–२०१४) यांचा सहभाग होता. १९६९ मध्ये अमेरिकेतील पालकांच्या सभेत कॅनर यांनी पालकांना जाहीरपणे दोषमुक्त केले. सुझन फोलस्टाइन व मायकेल रटर यांच्या १९७७ मधील जुळ्यांच्या अभ्यासाने आनुवंशिकतेचा मोठा वाटा स्पष्ट केला. नॉर्थ कॅरोलायनात एरिक शॉप्लर (१९२७–२००६) यांनी याच दशकात पालकांना सहउपचारक मानून शिक्षणपद्धती उभी केली. आई नोकरी करते, मुलाला वेळ दिला गेला नाही किंवा गर्भारपणी काही चुकले, असे बोल भारतीय कुटुंबांत अद्यापि ऐकू येतात. त्यांना शास्त्रीय आधार नाही. गोवर-गालगुंड-रुबेला लसीमुळे स्वमग्नता येते, हा समज पसरविणारा १९९८ मधील शोधनिबंधही संबंधित नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला.

निदान : नावाने हाक मारली असता न वळणे, हवी असलेली वा आवडलेली वस्तू बोटाने न दाखविणे, नजरेला नजर क्वचितच देणे, आत्मसात केलेले शब्द मागे पडणे ही चिन्हे पुष्कळदा दुसऱ्या वर्षाच्या सुमारास लक्षात येतात. ‘मुलगे उशिराच बोलतात’ या समजुतीमुळे मौल्यवान काळ वाया जातो. निदान वर्तनाचे निरीक्षण व पालकांची मुलाखत यांवरून होते. त्यासाठी रक्तचाचणी उपलब्ध नाही. श्रवणचाचणी मात्र आवश्यक असते. भारतात प्रमाणपत्रासाठी ४० बाबींची भारतीय स्वमग्नता मापनश्रेणी वापरली जाते. निदानाची औपचारिकता पूर्ण होईपर्यंत घरातील प्रयत्न थांबविण्याचे कारण नसते.

संप्रेषण : स्वमग्न बालक बोलत नसले, तरी काही ना काही सांगत असते. आईचा हात धरून तिला फडताळाकडे नेणे ही त्याची मागणीच होय. बालकाने मागण्यापूर्वीच सर्व काही पुढे ठेवले जाते, तेथे मागण्याची गरजच उरत नाही. म्हणून आवडीची वस्तू दिसेल पण हाती येणार नाही अशी ठेवावी, बालकाच्या समोर त्याच्या उंचीवर बसावे, ते ज्यात रमले असेल त्याविषयीच एकदोन शब्द बोलावे आणि नंतर थांबावे. ही प्रतीक्षा बहुतेक मोठ्या माणसांना अवघड जाते. परंतु बालकाला प्रतिसाद जुळविण्यास तोच अवधी लागतो. अनेक बालके ऐकलेले वाक्य जसेच्या तसे उच्चारतात. ‘तुला पाणी पाहिजे का?’ असे बालक म्हणते, तेव्हा त्याला स्वतःलाच पाणी हवे असते. अशा वेळी न हसता व न रागावता ‘मला पाणी पाहिजे’ हा नमुना द्यावा व लगेच पाणी द्यावे. चित्रे, खुणा वा यंत्र यांच्या साहाय्याने संप्रेषण शिकविल्यास बोलणे खुंटते ही भीती निराधार आहे. घरची भाषा सोडून केवळ इंग्रजीत बोलण्याचा सल्ला पुष्कळांना मिळतो; एकाहून अधिक भाषांमुळे स्वमग्न बालकांचा भाषाविकास मंदावत नाही, असे संशोधनात आढळले आहे. आजीची भाषा गमावणारे मूल आजीही गमावते.

पालकांना हे कौशल्य शिकविता येते. गोवा व पाकिस्तानातील रावळपिंडी येथे झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २ ते ९ वर्षे वयाच्या ६५ बालकांचा समावेश होता. तज्ञ नसलेल्या, परंतु प्रशिक्षित अशा कार्यकर्त्यांनी पालकांना मार्गदर्शन केले. पालक व बालक यांच्या खेळाचे चित्रीकरण करून ते पालकांना दाखविणे व त्यातील जमलेले क्षण निदर्शनास आणणे ही त्यामागील पद्धती होती. आठ महिन्यांनंतर पालकांचा प्रतिसाद बालकाच्या कलाने होऊ लागल्याचे व बालके स्वतःहून अधिक वेळा संवाद सुरू करीत असल्याचे दिसून आले; इतर काही बाबतींत असा लाभ दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या काळजीवाहक-प्रशिक्षणातही नऊ गटसत्रे व तीन गृहभेटी यांची योजना आहे.

दिनक्रम आणि कौशल्ये : पुढे काय होणार हे ठाऊक असले, की स्वमग्न बालकाची अस्वस्थता कमी होते. उठणे, अंघोळ, न्याहरी, शाळा असा क्रम चित्रांनी भिंतीवर लावल्यास व बदलाची पूर्वसूचना दिल्यास त्याला मोठा आधार मिळतो. कोणतेही काम लहान पायऱ्यांत विभागून शिकवावे. सदरा घालण्यास शिकविताना सर्व गुंड्या पालकाने लावून शेवटची बालकाला लावू द्यावी. ती जमल्यावर शेवटच्या दोन, याप्रमाणे मागे मागे जावे. त्यामुळे प्रत्येक वेळी काम पूर्ण केल्याचे समाधान बालकाला मिळते. मासिक पाळीची स्वच्छता, खाजगी अवयव व नको असलेला स्पर्श नाकारणे यांचे शिक्षण वयात येण्यापूर्वीच सुरू करणे इष्ट ठरते.

त्रासदायक वर्तन : किंचाळणे, जमिनीवर लोळणे, स्वतःला चावणे यांस हट्ट वा लाडावल्याचे लक्षण समजून शिक्षा केली जाते. वस्तुतः त्यापूर्वी काय घडले, नेमके वर्तन कोणते व त्यानंतर बालकाला काय मिळाले, या तीन गोष्टींची काही दिवस नोंद ठेवल्यास कारण बहुधा उलगडते. कुकरची शिट्टी, दिवाळीतील फटाके, मिरवणुकीतील ढोलताशे, सदऱ्याच्या आतील खरखरीत पट्टी यांचा काही बालकांना असह्य त्रास होतो. अशा वेळी कान झाकण्याचे साधन, शांत कोपरा वा पट्टी कापून टाकणे एवढाही उपाय पुरतो. वर्तनात एकाएकी बदल झाल्यास दातदुखी, कानदुखी, बद्धकोष्ठता यांची तपासणी प्रथम करावी. कारण वेदना सांगता न येणारे बालक ती वर्तनातूनच प्रकट करते. अपस्मार व निद्रानाश यांचे प्रमाणही या बालकांत अधिक असते. हात फडफडविण्यासारख्या हालचालींनी बालकाला स्वस्थता लाभते. इजा होत नसल्यास त्या बंद पाडण्याचे प्रयोजन नसते. काही बालके न सांगता घराबाहेर पडतात व पाण्याकडे ओढली जातात. म्हणून दाराची कडी, गळ्यातील वा कपड्यावरील ओळखपट्टी आणि पोहण्याचे शिक्षण यांकडे दुर्लक्ष करू नये.

अशास्त्रीय उपचार : स्वमग्नता पूर्णपणे बरी करणारे औषध नाही, चिडचिड, झोप वा अपस्मार यांसाठी औषधे दिली जातात. तरीही खात्रीचा इलाज म्हणून मोठ्या रकमा उकळल्या जातात. शरीरातील जड धातू काढून टाकण्याच्या उपचारात अमेरिकेत २००५ साली एका बालकाचा मृत्यू झाला. मूलपेशी-उपचार स्वमग्नतेसाठी करू नयेत, असे भारताच्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले.

काळजीवाहकाचे स्वास्थ्य व पुढील तजवीज : अखंड जागरूकता, अपुरी झोप, नातलगांचे शेरे व खर्च यांमुळे पालकांत, विशेषतः मातांत, चिंता व अवसाद यांचे प्रमाण अधिक आढळते. काळजीची वाटणी, आठवड्यातून काही तासांची विश्रांती, भावंडांसाठी राखलेला वेळ व समदुःखी पालकांचा गट यांना उपचाराइतकेच महत्त्व आहे. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ हा स्वमग्नतेचा समावेश करणारा असून त्याखाली आरोग्यविम्याची योजना आहे. त्याच अधिनियमान्वये व्यक्ती अठरा वर्षांची झाल्यावर स्थानिक स्तर समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत स्वमग्नता अंतर्भूत असून त्याने सर्वसमावेशक शिक्षणाचा हक्क मान्य केला आहे. ‘आपल्या पश्चात याचे कोण?’ हा प्रश्न बहुतेक पालकांच्या मनात असतो. पालक हयात व सक्षम असतानाच पालकनियुक्ती, मृत्युपत्र, निवासाची व्यवस्था आणि बालकाच्या सवयी, औषधे व संवादाच्या खुणा यांची लेखी नोंद केल्यास नव्या काळजीवाहकाला त्याला जाणून घेण्यासाठी प्रारंभापासून चाचपडावे लागत नाही.