४२१७ आणि ४२१७

एका पतसंस्थेत हप्ते भरलेल्या सभासदांनाही थकबाकीच्या नोटिसा गेल्या. पावती हातात, पैसे जमा, तरी नोटीस. कारण शोधायला मला बोलावले, तेव्हा दोन्ही संगणकांवरचे आकडे तंतोतंत जुळत होते. एका जावा प्रोग्रॅमने दुसऱ्याला पावत्यांचे क्रमांक कळवले होते. ४२१७ निघाला, ४२१७ पोचला. मात्र ‘यादीत ४२१७ आहे का?’ याचे उत्तर ‘नाही’!

जावात पूर्णांकाचे माप एकच नाही. ३२ बिटांच्या ‘इंटिजर’मध्ये २१४७४८३६४७ पर्यंतच मावते; ‘लाँग’ ६४ बिटांचा. इंटिजर वस्तूतला ४२१७ आणि लाँग वस्तूतला ४२१७ समान आहेत का, असे विचारले तर जावा नाही म्हणते. निरोप जातो तो ‘जेसन’ या मजकुरी रूपात, आणि जेसनला फक्त ‘संख्या’ ठाऊक. पलीकडे ‘जॅक्सन’ ही लायब्ररी अंदाज बांधते: मावली तर इंटिजर, नाहीतर लाँग. (‘जीसन’ अशा वेळी सरळ ४२१७.० करते, हा आणखी एक मासला.)

नोटिसांची यादी पाहिली तेव्हा धागा सापडला. २०२३०००४२१७ असे वर्ष जोडलेले नवे क्रमांक इंटिजरमध्ये मावत नाहीत, म्हणून ते बिनबोभाट जुळत होते. भरडले जात होते ते जुने, छोट्या क्रमांकांचे सभासद.

पण ‘लाँगची यादी’ असे स्वच्छ लिहिलेले असताना आत इंटिजर शिरलाच कसा? २००४ साली जावा ५ मध्ये जेनेरिक्स आले, ते जुन्या प्रोग्रॅमांशी जमवून घेत. म्हणून चालत्या प्रोग्रॅमात ती नुसती यादी उरते, कशाची हे पुसलेले असते. इथे तर साधा एरर मेसेजही आला नाही. आला असता तर बरे झाले असते.

इलाज छोटा आहे. वाचताना जॅक्सनला ‘टाइपरेफरन्स’ देऊन ‘लाँगचीच यादी हवी’ असे बजावायचे. सगळेच पूर्णांक लाँग करणारी एक सेटिंगही आहे. ती मला पसंत नाही, कारण तिने अंदाज बदलतो, थांबत नाही. रुपयांसाठी ‘डबल’ टाळून ‘बिगडेसिमल’ घ्यावा, रक्कम मजकूर म्हणून पाठवावी आणि तुलना ‘इक्वल्स’ने न करता ‘कंपेअरटू’ने करावी, इक्वल्सच्या लेखी २.० आणि २.०० वेगळे असतात.