दंड सरकारला, नुकसान नागरिकाचे

पुण्यातील एखाद्या गृहस्थाने परदेशी कंपनीकडून वस्तू मागविली, की त्याचे नाव, पत्ता नि खात्याचा तपशील क्षणार्धात समुद्रापार जातो. त्या माहितीचे रक्षण कोणी करावयाचे? सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला आणि २०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. येथील लोकांना माल वा सेवा पुरविणाऱ्या परदेशी कंपन्याही त्याच्या कक्षेत येतात. सुरक्षेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. याचे आम्ही स्वागतच करतो.

परंतु हा दंड जमा व्हावयाचा तो भारताच्या एकत्रित निधीत! ज्याची माहिती चोरीस गेली, त्याच्या पदरात काय? माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३-अ कलमाने बेपर्वा कंपनीकडून भरपाई मागण्याची सोय केली होती. ते कलमच वगळण्याची तरतूद नव्या कायद्यात आहे. युरोपीय संघाच्या, २०१८ पासून लागू असलेल्या नियमांनी मात्र नागरिकाला भरपाईचा हक्क दिला आहे. एकाच कंपनीच्या एकाच चुकीने पोळलेल्या बर्लिनकराला जे मिळू शकते, ते पुणेकराला या कायद्याखाली मागताही येऊ नये, हा कोणता न्याय?

राखणदार झोपला आणि घर लुटले गेले. राखणदाराला दंड झाला, पण घरधनी रिकाम्या हातीच राहिला! संसदेने भरपाईचा हक्क या कायद्यात घालावा. त्याशिवाय मूलभूत हक्काला अर्थ उरणार नाही.